विरजण कशाचं लावलंत?

संपादकबाईंनी फोन केला आणि म्हणाल्या, "शैलाताई, तुमच्या दुग्धालयाच्या आठवणी लिहा, छान गोड गोड." श्रीखंड विकणाऱ्या बाईकडून गोडच लिहून येणार असा त्यांचा समज असावा. मी डोंबिवली पूर्वेला आयुष्यभर दही लावलं आणि त्यातलं जे आठवतं ते बरंचसं आंबट आहे. सगळ्यात आंबट आठवण तर दुकान बंद झाल्यानंतरची, माझ्या विहीणबाईंची. तीच लिहिते. त्या हे वाचतीलच. वाचू देत.

आधी धंदा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दूध यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. टेम्पोतून कॅन उतरवून घेणं, पिशव्या भरणं, गिऱ्हाइकांशी राजकारणावर भांडणं, हे सगळं यांचं. दूध तापवल्यानंतर त्याचं जे काही होतं ते माझं: दही, चक्का, श्रीखंड, ताक, तूप. दही लावणं म्हणजे कोमट दुधात चमचाभर जुनं दही घालायचं आणि झाकून ठेवायचं, एवढंच. त्या चमच्याला विरजण म्हणतात. वाटतं सोपं. पण उन्हाळ्यात त्या चमच्यातलं अर्धं परत काढायचं असतं, थंडीत वर आणखी थोडं घालायचं असतं, आणि पावसाळी हवेत पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळावी लागते. दूध किती कोमट हवं ते करंगळी बुडवून ठरवायचं. करंगळीला बरं वाटलं पाहिजे आणि बाहेर काढावीशीही वाटली पाहिजे. चुकलात तर सकाळी पातेल्यात तारा सुटलेला चिकट प्रकार दिसतो, आणि दारात गिऱ्हाईक उभं असतं.

आमचं विरजण माझ्या माहेरचं. माहेर साताऱ्याकडे, माण तालुक्यात. लग्नानंतर पहिल्यांदा डोंबिवलीला निघाले तेव्हा आईने स्टीलच्या डबीत दही घालून दिलं होतं. ती डबी मी एसटीत मांडीवर धरून आणली. साडीवर डाग पडला तो पडला, पण विरजण मी मरू दिलं नाही. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी बाजूला. बाळंतपणात शेजारणीकडे ठेवायला दिलं होतं, तर रोज निरोप पाठवून विचारायचे, "विरजण बरं आहे ना?" बाळ बरं आहे का ते लोक मला विचारायचे.

आईने डबीबरोबर एक नियमही बांधून दिला होता. दिवे लागल्यावर विरजण कुणाला द्यायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणे. दुकानातसुद्धा मी तो पाळला. दही कितीही वाजता विकत घ्या, ना नाही. पण संध्याकाळी कुणी वाटी पुढे करून "काकू, चमचाभर विरजण द्या ना" म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं, "उद्या सकाळी ये गं." एक-दोघी रागावून गेल्या. परत आल्याच, कारण डोंबिवलीत माझ्यासारखं दही नव्हतं. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. मग मीही म्हणायला लागले.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एक निवृत्त मास्तर यायचे. मडकं उलटं करून दाखवल्याशिवाय दही घ्यायचे नाहीत. उलटं केलं तरी पडत नाही ते खरं दही, हा त्यांचा हट्ट. एका मे महिन्यात लाइट जायची, दही नीट लागलं नव्हतं. मी म्हटलं, "मास्तर, आज नका उलटं करू." मास्तरांना वाटलं, मी काहीतरी लपवतेय. त्यांनी स्वतः मडकं उचललं आणि उलटं केलं. इस्त्रीच्या शर्टावरून पांढरा ओघळ थेट चपलेत. मास्तरांनी मिशीवरचं चाटलं आणि म्हणाले, "चव मात्र आहे हो."

स्वभावाचं सांगायचं तर मी मत्सरी आहे. लपवून काय उपयोग, यांना विचारलंत तरी हे आधी तेच सांगतील. आमच्या पलीकडच्या गल्लीत वीणा नावाच्या एका बाईने डेअरी टाकली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती माझ्यापेक्षा तरुण, दुकान चकाचक, काचेचं कपाट. मी शेजारच्या काकूंना गुपचूप तिच्याकडून दही आणायला पाठवलं. काकूंनी चाखलं आणि म्हणाल्या, "चांगलंय हो. अगदी तुमच्यासारखं." मी आठवडाभर हवेत होते. पुढे एकदा वीणा स्वतः आमच्या दुकानात आली, लग्नाची पत्रिका द्यायला. काकू तिथेच बसलेल्या. काकूंनी तिच्या तोंडावर सांगितलं, "तुझं दही खाल्लं बरं का आम्ही. अगदी ह्यांच्यासारखं!" वीणा हसली. पण ते हसू कसंतरीच होतं, आणि पत्रिका ठेवून ती लगेच निघाली. मला कळेना, एवढं कौतुक केलं तर हिला झालं काय?

'व्हेगन' हा शब्द मी दुकानाच्या शेवटच्या काळात पहिल्यांदा ऐकला. समोरच्या नवीन टॉवरमधला एक मुलगा सायकलवरून आला, डोक्यावर ते हेल्मेट.

"काकू, व्हेगन काय आहे तुमच्याकडे?"

"अरे सगळंच व्हेज आहे. आपल्याकडे अंडंसुद्धा नसतं."

"व्हेज नाही ओ, व्हेगन. दूध, दही, तूप, पनीर, काहीच नाही खात मी. जनावराचं काहीच नाही."

मी आजूबाजूला बघितलं. दूध, दही, तूप, पनीर. "मग इथे कशाला आलास रे बाबा?"

तो हसला आणि चिवड्याचं पाकीट घेऊन गेला. तो गेल्यावर हे म्हणाले, "शैला, हे असं जग झालं तर आपण काय विकायचं?" मी म्हटलं, "असं कधी होत नसतं." तोंडात साखर पडो माझ्या.

पुढे माझे गुडघे गेले, यांची कंबर गेली. एकुलती एक मुलगी प्राजक्ता लग्न होऊन ठाण्याला बाळकुममध्ये, तिला या धंद्यात रस नव्हता. दुकान भाड्याने दिलं. जिथे मी चक्क्याची फडकी टांगायचे तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. विरजण तेवढं घरी आणलं. आम्हा दोघांपुरतं दही लागत राहिलं.

मग ओवी झाली. माझी नात.

तिच्या उष्टावणाला, म्हणजे बाळाला पहिल्यांदा अन्न भरवतात त्या दिवशी, खीर मीच करणार हे मी बारशालाच जाहीर केलं होतं. माझ्या हातची तांदळाची खीर, घट्ट आटवलेल्या दुधाची, वर तुपाची धार. प्राजक्ताच्या मावसभावाने मामा म्हणून चांदीच्या वाटीतला पहिला घास भरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत पोरीच्या ओठांभोवती लाल गांधी उठायला लागल्या. मग मानेवर, मग पोटावर. मग उलटी. जेवणावळ तशीच टाकून सगळे दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, दुधाची ॲलर्जी. दूध नाही, दही नाही, तूप नाही, दुधाची पावडर घातलेलं बिस्किटसुद्धा नाही. बऱ्याच मुलांची मोठेपणी जाते, हिचीही जाईल. ओवी आता पाच वर्षांची आहे. अजून गेलेली नाही.

माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल मी दह्याची कवडी हातावर ठेवून गप्प केलंय. माझ्याच नातीला माझ्या हातचं काही चालत नाही.

आणि आता येतात विहीणबाई, मंगलाताई. ओवीची दुसरी आजी. ओवी त्यांना 'बाळकुमची आजी' म्हणते आणि मला 'डोंबिवलीची आजी'. मंगलाताईंनी सगळी हयात खोपटच्या एसटी डेपोच्या ऑफिसात काढली. स्वयंपाकाची आवड शून्य. लग्नाच्या बोलणीत त्यांनी आम्हाला विकतची बाकरवडी दिली होती, आणि मी घरी येऊन प्राजक्ताला म्हणाले होते, "तुझे खायचे हाल आहेत बघ." त्याच बाई निवृत्त झाल्या आणि ओवीसाठी जगातलं बिनदुधाचं सगळं शोधायला निघाल्या.

शोधायच्या म्हणजे कशा? ठाण्याच्या मॉलमध्ये जायचं आणि चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक पाकिटाची मागची बारीक अक्षरं वाचायची. डेपोत गाड्यांची वेळापत्रकं तपासायची सवय. ओट्सचं दूध, बदामाचं दूध, सोयाबीनचं पनीर ज्याला टोफू म्हणतात, काजूचं चीज, नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम. कुणा सोसायटीतली मुलगी बिनलोण्याचा केक करते, तिचा पत्ता काढायचा. एवढ्यावर थांबत नसत. प्रत्येक वस्तूचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'आज हे नवीन सापडलं! ओवीला फार आवडलं!' खाली जावयाचे, प्राजक्ताचे, माझ्या स्वतःच्या भावाचे अंगठे आणि बदाम. यांनीसुद्धा एकदा बदाम टाकला. त्या दिवशी मी यांना दोन वेळा ताकच वाढलं.

त्यात मंगलाताई गुहागरकडच्या. कोकणातल्या बाईला व्हेगन व्हायला लागतं काय? नारळ फोडला की झालं. गणपतीत त्यांच्याकडे गेलो तर उकडीच्या मोदकांवर तूप नाही, गूळ घातलेला नारळाचा रस. शेवया नारळाच्या रसात. सोलकढी तर आहेच. ओवी चमच्याने रस पीत होती आणि मंगलाताई म्हणत होत्या, "यात नवीन काय ओ, आमची आई असंच करायची." आम्ही देशावरची माणसं. आमच्याकडे गोड म्हटलं की दूध आणि चांगलं म्हटलं की तूप. माझ्या अख्ख्या माहेरात एक नारळाचं झाड नाही. मी मोदक खाल्ला. चांगला होता. तेच तर खुपलं.

आणि ओवी माझ्याकडे राहायला आली की तिच्याबरोबर डबा यायचा. बाळकुमहून. माझ्या घरात, माझ्या ताटात, मंगलाताईंच्या हातचं. मी काही पुढे केलं की पोरगी शहाण्यासारखी विचारायची, "आजी, ह्यात दूध आहे?" मी नाही म्हटलं तरी ती आईकडे बघायची. आई हो म्हणाली की मगच तोंड उघडायची. जीव जळायचा माझा. एवढ्याशा मुलीचा राग कसा धरणार? म्हणून तो सगळा मी मंगलाताईंवर धरला.

मग मीही कंबर कसली. कल्याणच्या एका दुकानात जाऊन ओट्सचं दूध आणलं आणि यांना न सांगता त्याचा चहा केला. हे एक घोट घेऊन म्हणाले, "चहात कुणी पेज ओतली का?" टोफू आणला, तळला, रश्श्यात सोडला. खोडरबर बरं. सोयाबीन भिजवून स्वतः दूध काढलं तर घरभर कच्च्या शेंगांचा वास. दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणतात, माझ्याकडे ताकही उरलं नव्हतं. आणि हे सगळं मंगलाताईंनी आधीच शोधलेलं. मी कितीही धावले तरी त्यांच्या मागे. मला त्यांच्याकडे नसलेली एक तरी गोष्ट हवी होती.

ती सापडली माहेरच्या गाठोड्यात. भावाने पाठवलेले शेंगदाणे. आमच्या माणदेशात नारळ नसेल, पण शेंग आहे! दाणे भिजवले, सोलले, पाण्याबरोबर वाटले, फडक्यातून गाळले. पांढरंशुभ्र दूध आलं. दाटपणासाठी मूठभर काजू वाटून घातले. उकळलं, कोमट केलं, करंगळी बुडवली. करंगळी म्हणाली, हो. बाकीचं काम तर मी झोपेतही केलं असतं. सकाळी झाकण काढलं. दही लागलं होतं. कापलं तर सुरीची रेघ उमटत होती. मास्तर असते तर उलटं करून दाखवलं असतं.

त्याचा चक्का टांगला. केशर, वेलची, साखर घालून घोटला. यांनी बोटाने चाखला आणि गप्प झाले. हे गप्प झाले म्हणजे पहिला नंबर.

ओवीचा पाचवा वाढदिवस आला होता. मोबाईलवरून गाडी बोलावली, माणकोलीच्या नव्या पुलावरून बाळकुमला निघालो. श्रीखंडाचा डबा पुन्हा मांडीवर, जसं माहेराहून विरजण आणलं होतं तसा. वाटेत मी मनात दहा वेळा बघितलं: ओवी खाईल, ग्रुपवर फोटो जाईल, आणि फोटो मी टाकेन.

दिवाणखान्यात फुगे, बिनलोण्याचा केक, मुलं. मी डबा उघडून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ओवी, आज डोंबिवलीच्या आजीचं श्रीखंड! शेंगदाण्याचं. ह्यात दूध नाही." प्राजक्ता चकित. जावई म्हणाले, "आई, श्रीखंड? दुधाशिवाय? कमाल आहे!" मंगलाताईंनी वाटी नाकाजवळ नेली, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा पडला. खरं सांगते, त्या क्षणाइतका आनंद मला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

"फारच सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. ओवीने चमचा भरून घेतला होता, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मंगलाताई सहज म्हणाल्या, "विहीणबाई, विरजण कशाचं लावलंत?"

विरजण कशाचं म्हणजे? विरजण ते विरजण. फ्रिजमधल्या डबीतलं. आईच्या डबीतलं. दह्याचं.

दूध म्हणजे जे पातेल्यात असतं ते. चमचाभर विरजण म्हणजे दूध, हे आयुष्यात कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पीठ मळताना आपण मीठ मोजतो का? तसा माझा हात त्या डबीकडे गेला होता, न विचारता, न बघता, रोज जातो तसा.

"ओवी, थांब!" माझा आवाज असा निघाला की एक फुगा धरलेलं पोर रडायला लागलं. प्राजक्ताने चमचा हातातून काढून घेतला. ओवीच्या ओठाला काही लागलं नव्हतं. मी दोनदा बघितलं, मंगलाताईंनी तीनदा. ओवी म्हणाली, "आजी, तू म्हणालीस ना दूध नाही?"

मंगलाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "होतं ओ असं. तुमचा हातच तसा वळलेला. मी मेडिकलमधल्या कॅप्सूल फोडून घालते, ती पावडर बिनदुधाची मिळते. पण माझं बाई पातळच लागतं." चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक शब्द लावून बोलल्या असत्या तर मी घरी येऊन महिनाभर त्यावर जगले असते. त्या चांगल्या वागल्या. आणि ओवी होईपर्यंत ज्यांनी कधी वाटीभर दही लावलं नव्हतं, त्यांनी मला विरजणाबद्दल बरोबर प्रश्न विचारला होता.

परतताना पुलावर गाडी थांबत थांबत चालली होती. हे म्हणाले, "जाऊ दे गं." मी म्हटलं, "दही मेडिकलमधून आणतात त्या! औषधासारखं!" मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि डोळ्यांसमोर सारखा तो चमचा येत होता.

पण रागाच्या भरात डोकं कधीकधी कामाला येतं. मेडिकल, कॅप्सूल, असं पुटपुटता पुटपुटता मला आई आठवली. आमच्याकडे गाय आटली की महिनोन्महिने घरात दही नसायचं आणि विरजण मरायचं. पुन्हा दूध सुरू झालं की आई शेजारी वाटी घेऊन जायची. एकदा तिला उशीर झाला. शेजारणीने दारातूनच सांगितलं, "दिवे लागले की गं, उद्या ये." आई परत आली, परड्यातल्या चार हिरव्या मिरच्या देठासकट धुतल्या, पुसल्या आणि कोमट दुधात सोडल्या. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "देठात असतं." काय असतं ते तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दही लागलं, पातळसर. त्याचं विरजण लावलं आणि तिसऱ्या दिवशी घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नवं पातेलं आणलं, नवं फडकं, नवा चमचा, नवी डबी. जुन्या भांड्यांना ओट्याच्या एका बाजूला बंदी. हे म्हणाले, "दोन चुली मांडल्यासारखं काय चाललंय?" मी म्हटलं, "त्या बाजूला फिरकायचं नाही." दाण्याच्या दुधात मिरचीचे देठ सोडले. पहिलं दही पाण्यासारखं झालं आणि फेकून दिलं. दुसऱ्याला वास आला. तिसरं लागलं, पातळ, पण लागलं. त्याच्या चमच्याने चौथं लावलं. सकाळी रेघ उमटली.

ग्रुपवर फोटो टाकला नाही. प्राजक्ताला फोन करून सगळं सांगितलं: पातेलं, फडकं, चमचा, डबी, देठ. तिने पुन्हा पहिल्यापासून विचारलं, मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने डॉक्टरांनाही विचारलं. मग त्या रविवारी सगळे डोंबिवलीला आले, मंगलाताईसुद्धा. कुणी डबा आणला नव्हता. ते मी दारातच बघून घेतलं.

मंगलाताईंनी विचारलंच. "आता विरजण?"

"मिरचीच्या देठाचं."

"काय सांगता!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जणू मिरचीच्या मागे काहीतरी छापलेलं असणार.

दहीभात कालवला. कढीपत्त्याची फोडणी तेलाची. ओवीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. पहिला घास गेला. आम्ही सगळे घड्याळाकडे बघावं तसे तिच्या ओठांकडे बघत होतो. काही उठलं नाही. दुसरा घास गेला, तिसरा गेला. मग तिने वर बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, "आजी, मस्त झालंय! अगदी बाळकुमच्या आजीसारखं!"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला कळलं, हे हसू मी आधी बघितलेलं आहे. काउंटरच्या पलीकडे, पत्रिका हातात घेऊन उभ्या असलेल्या वीणाच्या तोंडावर.

भांडी आवरताना मंगलाताई स्वयंपाकघरात आल्या. पर्समधून एक छोटी स्टीलची डबी काढली. धुवून, पुसून आणलेली. "विहीणबाई, चमचाभर विरजण द्याल? रोज लावीन तिला. माझं कॅप्सूलचं असं घट्ट नाही लागत." मग खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "आत्ताच द्या हां. तुमच्यात दिवे लागल्यावर देत नाहीत, प्राजक्ताने सांगितलंय."

म्हणजे हेही माहीत. मी म्हटलं, "देते ना. आधी चहा घेऊ."

चहा टाकला. आलं कुटायचं सोडून किसत बसले, तेही सालं काढून. साखरेचा डबा हाताशी असून शोधला. सगळं स्पष्ट दिसत होतं मला. हे विरजण बाळकुमला गेलं की तिथे रोज दही लागणार. ओवी रोज खाणार आणि रोज ते 'बाळकुमच्या आजीचं दही' होणार. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती, आणि तीच मागायला त्या डबी घेऊन समोर उभ्या होत्या. बाहेर उजेड उतरत होता. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक खिडकी पिवळी झाली, मग दुसरी. आणखी थोडा वेळ आलं किसलं असतं तर आईचा नियम माझ्या बाजूने होता.

मंगलाताई डबी दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला, "अगं, अंधार झाला. देवापाशी दिवा लाव ना."

तिथेच ओवी पाटावर बसून वाटीतलं उरलेलं दही बोटाने चाटत होती. तिच्या ओठाला दही लागलेलं मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मी यांना ओरडून सांगितलं, "लावते! कुणी बटणाला हात लावू नका." अंधारातच नव्या डबीचं झाकण काढलं, चाचपून चमचा घेतला, आणि मंगलाताईंची डबी भरली. चमचाभर मागितलं होतं, काठोकाठ भरली. मग दिवा लावला.

आता बाळकुमला रोज दही लागतं. ओवीचा फोन येतो, साधारण दिवेलागणीलाच.

"आजी, आज मी बाळकुमच्या आजीचं दही खाल्लं."

पोटात दुखतं. अजूनही दुखतं, खोटं कशाला बोलू.

"हो का?" मी म्हणते. "घट्ट लागलं होतं का गं?"

"खूप घट्ट!"

मग मी फोन ठेवते आणि दिवा लावायला उठते.